न पोचवलेलं वाक्य

बाबा, काल विद्यापीठात बाहेरदेशच्या मुलांचा सत्कार होता. मला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांनी गाडी पाठवून बोलावलं. नेपाळची, अफगाणिस्तानची, आफ्रिकेतली मुलं एकेक करून स्टेजवर येत होती, शाल आणि प्रमाणपत्र घेऊन खाली उतरत होती. मग करार झाले. इथिओपियाच्या एका विद्यापीठाशी झालेल्या कराराची फाईल कुलगुरूंनी उंच धरली, फोटो निघाले. तिथून इथे शिकायला आलेला आपलाच एक जुना विद्यार्थी परत जाऊन तिथे पुष्कळ वर्षं मातीचं शास्त्र शिकवत होता, त्याच्यामुळेच हे जुळलं, असं सांगून त्यांनी पडद्यावर त्याचा तरुणपणीचा फोटो दाखवला. तो आपल्या दीक्षितपुऱ्याच्या घरात वरच्या खोलीत राहायचा, हे तिथे फक्त मला ठाऊक. मला दोन शब्द बोलायला लावलं. तो आमच्या घरी होता, आईच्या हातची धिरडी त्याला फार आवडायची, एवढं सांगितलं आणि बसले. टाळ्या झाल्या. गुडघे दुखत होते, पण थांबले ते गुडघ्यांमुळे नाही. पुढचं मला तिथे सांगता आलं नाही. तुमच्याजवळही कधी सांगता आलं नव्हतं.

तो आला तेव्हा मी अकरावीत होते. होस्टेलमध्ये जागा नव्हती आणि गल्लीत त्याला कुणी खोली देईना. त्याला पाहिलं की लोक दाराला कडी लावायचे. तुम्ही शिफ्ट संपवून दारूगोळ्याच्या कारखान्यातून सायकलवर येत होतात, आणि तो गल्लीच्या तोंडाशी आपल्या ट्रंकेवर बसलेला. तुम्ही काही न विचारता ती ट्रंक कॅरिअरवर ठेवली आणि त्याला घरी घेऊन आलात. आई म्हणाली, "अहो, मला विचारायचं तर होतं." तुम्ही म्हणालात, "काय विचारायचं? इतक्या लांबून शिकायला आला, आणि उन्हात बसून राहिला." दुसऱ्या दिवशी आईनं धिरडी केली. त्यानं तव्याकडे पाहिलं, एक तुकडा तोंडात घातला आणि लगेच दुसरा तोडला. मग मला इंग्रजीत म्हणाला, आमच्याकडची भाकरी जवळजवळ अशीच असते. मी आईला सांगितलं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी धिरडी व्हायचीच.

तो बसनं सिहोऱ्याकडे जायचा, शेताशेतांतली माती घेऊन यायचा. तुमच्या जुन्या खाकी पँटी फाडून आईनं त्याला मातीसाठी पिशव्या शिवून दिल्या होत्या. कुठे कोणती माती आहे त्याचे तो नकाशे काढायचा, आणि रविवारी मी त्याच्याजवळ बसून त्यांत रंग भरायची. ओली माती दोन बोटांत चोळून ती कोणती हे ओळखायला त्यानंच मला शिकवलं. तुम्ही जिन्यातून डोकावता. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, पण मला हट्टानं इंग्रजी शाळेत घातलेलं. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलताना ऐकून तुम्ही तिथेच उभे राहता, उगाच कठड्यावरची धूळ झटकता. तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो.

मग बांगलादेशची लढाई लागली. तुमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या, आपण काचांना काळे कागद चिकटवले, अनोळखी माणसांपासून सावध राहा अशी सूचना कारखान्याच्या फाटकावर लागली. शाळेत ज्या-त्या मुलीजवळ लढाईचं काही ना काही सांगायला होतं. कुणाचा भाऊ फौजेत, कुणाचा मामा हवाई दलात. माझ्याजवळ काहीच नव्हतं, म्हणून मी म्हणाले, आमच्याकडे एक परदेशी आहे, तो नर्मदेचे, रस्त्यांचे, पार सिहोऱ्यापर्यंतचे नकाशे काढून राहिला आहे. मातीचे नकाशे, असं मी म्हणाले नाही. नुसते नकाशे म्हटलं की मुली जास्त जवळ सरकत होत्या. त्यांतल्या एकीचे वडील तुमच्याच कारखान्यात पहाऱ्यावर होते.

चार दिवसांनी तुम्ही भर दुपारी घरी आलात. लढाई लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आईला म्हणालात, "साहेबानं बोलावलं होतं. म्हणे, या तो वो जायेगा, या तुम."

"काहून? त्यानं काय केलं?"

"त्यानं काही नाही केलं. कुणीतरी नकाशांचं बोललं."

आईनं विचारलं, कुणी? तुम्ही म्हणालात, काय माहीत. मी दारातच उभी होते.

"चल वर," तुम्ही मला म्हणालात. "तुझं इंग्रजी कामी येईल." त्याला तेव्हा हिंदीचे दहा-बारा शब्द येत असतील. त्यानं तुमच्यासाठी खुर्ची पुढे केली, तुम्ही बसला नाहीत. तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्याला सांग, यात त्याचा काही दोष नाही. कुणी नकाशांचं बोललं म्हणून कारखान्यातून हुकूम आला. माझी नोकरी गेली तर घर कसं चालेल? सांग, मला लाज वाटून राहिली. अन् लढाई संपली की परत ये म्हणा, खोली तुझीच आहे."

नकाशे म्हटलं असतं तर त्यानं माझ्याकडेच पाहिलं असतं. त्याचे नकाशे माझ्याशिवाय कुणी पाहिले होते? म्हणून मी इंग्रजीत एवढंच म्हणाले, आमच्याकडे पाहुणे येणार आहेत, रविवारपर्यंत खोली खाली करा.

त्यानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही होकाराची मान हलवलीत. "पुष्कळ पाहुणे?" त्यानं मला विचारलं. मी हो म्हणाले.

"काय म्हणून राहिला?" तुम्ही विचारलंत.

"समजलं म्हणाला."

"परत येईन म्हणाला?"

"हो, बाबा."

लढाई दोन आठवड्यांत संपली. ती खोली तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाही. आई पापड वाळत घालायला वर जाऊ लागली, की तुम्ही म्हणायचे, "तिथं नको, तो येईल." तो आला नाही. पुढे पदवीदानात त्याला सुवर्णपदक मिळणार असल्याचं पेपरात आलं, तेव्हा त्या दिवशी तुम्ही अर्ध्या दिवसाची सुटी टाकलीत, इस्त्रीचा शर्ट घातलात, खव्याची जिलेबी घेतलीत आणि मला सायकलवर मागे बसवून विद्यापीठात नेलंत. मांडवाबाहेर तो आपल्या प्रोफेसरांबरोबर उभा होता. तुम्हाला पाहून त्यानं हात जोडले, अगदी अदबीनं, आणि आता बऱ्या झालेल्या हिंदीत विचारलं, "मेहमान चले गये?"

तुम्हाला कळेना. तुम्ही माझ्याकडे वळलात. "कोणते मेहमान?"

"त्याचं हिंदी कच्चं आहे, बाबा," मी म्हणाले. तेवढ्यात त्याला फोटोसाठी हाक आली आणि तो गेला. तुम्ही पुडा हातात धरून फोटो संपेपर्यंत थांबलात, नंतरही थोडा वेळ थांबलात. तो दुसऱ्या बाजूनं निघून गेला होता. परत येताना तुम्ही सायकलवर बसला नाहीत, हातात धरून चालत राहिलात. नेपियर टाऊनपर्यंत आल्यावर एकदा म्हणालात, "चलो, मेडल तर मिळालं." पुढच्या आठवड्यात आईचे पापड तुम्ही स्वतः वरच्या खोलीत पसरून आलात. मला तुम्ही कधीच काही विचारलं नाही. तुम्हाला समजलं होतं का? पुष्कळदा वाटतं, समजलं असावं.

नंतर मी त्याच विद्यापीठात परदेशी मुलांच्या ऑफिसात लागले, तुम्ही पेढे वाटलेत. जन्मभर मी त्या मुलांना खोल्या शोधून दिल्या, त्यांचं म्हणणं घरमालकांना आणि घरमालकांचं त्यांना सांगितलं. काल स्टेजवर कुलगुरू म्हणाले, मॅडमना या मुलांचा फार लळा. लळा होता की काय होतं, मला नीट सांगता यायचं नाही. दमून गेले आहे, एवढं खरं.

कार्यक्रम संपल्यावर विद्यापीठाचा एक तरुण अधिकारी माझ्या हातात इथिओपियातल्या पत्त्याची चिठ्ठी देऊन म्हणाला, "सर अजून आहेत, मॅडम. तब्येत नाजूक आहे, पण पत्राला उत्तर देतात. आपकी तो पुरानी पहचान है, विद्यापीठातर्फे तुम्हीच दोन ओळी लिहा." मी चिठ्ठी त्याला परत दिली. म्हणाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे भैया, मला लिहिता येत नाही, तुम्हीच लिहा.

माझं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही, बाबा.