ऑगस्टमध्ये येणारा फोन

एडिनबरा,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रज्ञेश,

सप्रेम जयभीम.

तू बरा असशील, आईची शुगर आटोक्यात असेल, आणि तिने चोरून खाल्लेली संत्रा बर्फी तू पाहिलीच नाहीस असं दाखवत असशील. इथे फेस्टिव्हल सुरू झालाय. हॉस्पिटलला ड्युटीवर जाताना बसमध्ये उभं राहायला जागा नसते.

ताई आणि ईमेल, ही काय भानगड, असं वाटेल तुला. पण घरी फोनवर हेन्रिक शेजारी असतो. पूर्वी त्याच्यासमोर बसून त्याच्याच तक्रारी मी तुला बिनधास्त सांगायचे. आता तुझ्या भाऊजींना मराठी कळतं. माझंच ऐकून शिकल्यामुळे हा दोन मीटरचा जर्मन बाप्या 'मी येते, मी जेवते' करतो, ते सोड. देवनागरी मात्र त्याला वाचता येत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. काल तुला दोन मिस्ड कॉल दिसले असतील. इथूनच लावले होते, तू उचलायच्या आत कापले.

रविवारी तो तुला म्हणाला, "प्रज्ञेश, तू ये. माझा असिस्टंट कोच. मी बघते सगळं." आणि तू म्हणालास, अकरा तारखेच्या सोमवारी रेल्वेत राजीनामा देतो. मी मागे भेंडी चिरत होते. चिरतच राहिले.

क्लब चांगला आहे. मुलं मेहनती आहेत. गेल्या मोसमात काही सामने थोडक्यात गेले, ते तू पाहिलेसच.

कसं लिहू? हेन्रिकचा करार मे महिन्यात संपला आणि क्लबने पुढे वाढवला नाही. नवा कोच आलासुद्धा.

तो खोटारडा नाही रे. खेळत होता तेव्हा दरवर्षी असंच व्हायचं. उन्हाळाभर हातात काही नसायचं आणि ऑगस्टमध्ये फोन यायचा, आधी जर्मनीतल्या कुठल्या तरी गावातून, मग बेल्जियममधून, शेवटी स्कॉटलंडमधून. बास्केटबॉलमध्ये दोन मीटरचा माणूस प्रत्येक संघाला हवा असतो. पुढे गुडघा गेला, तो कोच झाला, आणि कोचची उंची कोण मोजतं? हे अजून त्याच्या ध्यानात येत नाही. "समबडी विल रिंग, इट्स ऑगस्ट," म्हणतो आणि जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. परवा वाजला. डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची आठवण होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना, मी उगाच मीठ आणायला उठले.

तुझी नोकरी खेळाच्या कोट्यातली. एकदा सोडलीस की परत मिळायची नाही, आणि आईचं सगळं तुझ्यावर आहे. राजीनामा देऊ नकोस. अर्ज लिहिला असशील तर फाडून टाक.

त्यानेच तुला सांगायला हवं, मान्य. मी म्हटलं त्याला. "सांगते, सांगते. नेक्स्ट संडे," म्हणाला. प्रत्येक रविवारी तो तुझ्या व्हिडिओ कॉलआधी दाढी करून क्लबचा ट्रॅकसूट घालतो. तू पहिल्या दिवसापासून त्याला भाऊजी न म्हणता कोच म्हणतोस, त्याची मी थट्टा करायचे. आता जगात त्याला कोच म्हणणारा तू एकटा उरलायस, प्रज्ञेश.

म्हणून मी लिहिलंय ते त्याला कळू देऊ नकोस, नुसतं सांग की रेल्वे सोडत नाही. साहेब अडवतात म्हण, काहीही म्हण. बाबांनी माझं नाव धम्मशीला ठेवलं, दोघांकडून पंचशील पाठ करून घेतलं, आणि मी धाकट्या भावाला चौथं शील मोडायला सांगतेय. खोटं बोलू नये हे मला कळत नाही का? बाबा असते तर काय म्हणाले असते, हाच विचार दोन दिवस करतेय. तरी सांगतेय.

रविवारी फोन कर. कोचच म्हण. आणि खेळातलं काहीतरी अवघड विचार, ज्याचं उत्तर द्यायला त्याला खूप वेळ लागेल.

तुला खोटं बोलायला लावणारी,
तुझीच
ताई