इंग्रजीच्या तासाची घंटी

८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं वहिनीनं कळवलं. बरं झालं. आता माझा राग वाच. तोंडावरच बोलले असते, पण तू चाळीस शिक्षकांच्या गराड्यात होतास आणि मी खाली मान घालून फळा पुसत होते.

दोन भाषांच्या शाळांसाठी शिक्षक आणि विभागप्रमुख घडवायचं तुझं प्रशिक्षण यंदा आमच्या शाळेत, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आमचा दादा येणार. तू माझा पाठ बघणार, तो नीट झाला की प्राथमिक विभागाची प्रमुख मी, हेही ठरल्यासारखंच होतं. इंग्रजीच्या तासाला, म्हणजे गणितही इंग्रजीतूनच शिकवायचं त्या तासाला, अपूर्णांक चालले होते. ती नवी मुलगी, जिला मी खारुताई म्हणते कारण पेन्सिल सदा दातांत, तिनं शाळेत आल्यापासून पहिल्यांदा हात वर केला. आपल्या भाषेत विचारलं, की अर्ध्या कागदाचं आणखी अर्धं केलं तर तुकडा लहान होतो, मग खालचा आकडा मोठा कसा होतो? इतका सुरेख प्रश्न! मी आपल्या भाषेत उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तू मागच्या बाकावरून घंटी दाबलीस. दुकानाच्या गल्ल्यावर असते ना, तसली. सगळे हसले. पोर खाली बसली.

चारचौघांत माझी शोभा केलीस, ते मी गिळीन. पण त्या पोरीचा प्रश्न तसाच राहिला, आणि ते आठवलं की माझं पित्त खवळतं.

लोभ आहे म्हणूनच भांडते. तो तसाच राहू दे.

तुझी,
बबडी


१५ जुलै

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आधी वहिनीच्या हाती पडलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्या नाकावर राग असतो हे मी काय आज ओळखतो?

अगं, नियम काही माझ्या लहरीचा नाही. एका तासाला एकच भाषा ठेवली तर दोन्ही पक्क्या होतात. शिक्षक घसरला की पाहणाऱ्यानं घंटी वाजवायची. ती तुझ्यासाठी होती, पोरीसाठी नव्हे. बहीण म्हणून तुला सोडलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

आता कामाचं. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. तुझ्याविषयी त्यांचं मत चांगलं आहे, पण तू घंटी उचलून कपाटात टाकलीस ते त्यांना खटकलंय. नियम मान्य आहे एवढं त्यांना जाऊन सांग, बाकीचं मी सांभाळतो. हट्टापायी हातची जागा घालवू नकोस.

रागातही लोभ असतो असं धरून चालतो.

तुझा,
दादा


२३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घंटी माझ्यासाठी होती, हे त्या पोरीला कुणी सांगितलं? आणि कोणत्या भाषेत सांगणार होतास? तिनं तोंड उघडलं आणि घंटी वाजली, तिच्यापुरतं एवढंच झालं.

तेव्हापासून पोर बोलत नाही. इंग्रजीच्या तासाला नाही, आपल्या भाषेच्या तासालाही नाही. सोमवारी वर्गातच तिचे कपडे ओले झाले. बाहेर जाऊ का, हे तिला इंग्रजीत येत नव्हतं आणि आपल्या भाषेत विचारायची छाती होईना. मी तिला नेऊन कपडे बदलले. न्यायला आलेली आई म्हणाली की घरी हिची टकळी थांबत नाही, इथंच काय होतं हिला? काय सांगू मी त्या बाईला? माझा सख्खा भाऊ शिक्षक घडवतो, असं सांगू?

मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले होते. नियम मान्य नाही म्हणाले. मूल अडलं की त्याला कळेल त्या भाषेत बोलायचं, तास कुठलाही असो. मग प्रमुखपद दुसऱ्याला द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. द्या म्हटलं. काल ते पी.टी.च्या सरांना मिळालं. माणूस सज्जन आहे, पण आल्या आल्या कपाटातली घंटी काढून टेबलावर ठेवली.

लोभाचं तू तुझ्यापुरतं बघ. मला सध्या जड जातंय.

बबडी


३१ जुलै

चि. बबडीस,
अ. उ. आ.

वहिनीनं तुझं पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं. तसाच ताटावरून उठून हे लिहायला बसलो.

वीस वर्षं मी मागच्या बाकावर बसून पाठ बघतोय. तिथून शिक्षकाचा चेहरा दिसतो आणि मुलांच्या नुसत्या पाठी. त्या पोरीचं तोंड मी पाहिलंच नाही, आणि हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. चुकलं माझं. घंटी बंद करा असं बाईंना आज कळवतोय. तुझ्या जागेसाठीही शब्द टाकतो. मला माफ कर.

तुझ्या लोभाची वाट बघणारा,
दादा


६ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या जागेसाठी शब्द टाकू नकोस. वशिल्यानं मिळालेल्या खुर्चीत मला बसवणार नाही. आणि माझी कसली माफी मागतोस? मी भांडून मोकळी होते.

ज्या वर्गात घंटी वाजवलीस तिथं ये. मागच्या बाकावर नको, फळ्यापाशी उभा राहा. पोरीला सांग की घंटी तिच्यासाठी नव्हती, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दे. आपल्या भाषेत दे. आणि येशील तो इंग्रजीच्याच तासाला ये.

लोभाचं त्यानंतर बोलू.

बबडी