मागून धरणारा ट्रेलर

२१ नोव्हेंबर २००३, मखमलाबाद
काल कसारा घाटात मरता मरता वाचलो. ठाण्याच्या सोसायटीच्या बागेसाठी पाम आणि गुलाब भरले होते, सगळे ओल्या मातीच्या पिशव्यांत. उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला तर जीप थांबायला बघतेय आणि मागचा ट्रेलर ढकलतोय. मग तो आडवाच व्हायला लागला. कठड्याला घासून कशीबशी उभी राहिली जीप. चाकांतून धूर. ह्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. मीच एकेक सोडवली.
रोपं पोचवली. घरी कुणाला बोललो नाही.

२९ नोव्हें.
हे ट्रेलरकडं बघतसुद्धा नाहीत. लग्न झाल्यापासून बघतेय, ह्या माणसाला गाडीची भीती म्हणून माहीत नव्हती. आज जेवताना म्हणाले, "विकून टाकू. ट्रक करत जाऊ."
ट्रकवाले रोपं कशी आपटतात ते मी सांगायला हवं का? नर्सरीचं नाव झालं ते रोप न मोडता पोचतं म्हणून. पण आत्ता सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

३ डिसें.
विकायचा तर धुऊन तरी ठेवू म्हणून ट्रेलरखाली शिरले. दोन्ही चाकांच्या आतून वायरी बाहेर आलेल्या, पुढं तोडलेल्या. हा ट्रेलर परदेशी बनावटीचा. धरणाचं काम संपल्यावर लिलावात घेतलेला, तेव्हापासून अशाच असणार.
जीपच्या वायरिंगचं काम करणारे नाशिकच्या द्वारका चौकातले रफिकभाई, त्यांना बोलावलं.
"लाइटची असेल वहिनी."
"लाइट चाकाच्या आत कशाला?"
डोकं खाजवलं त्यांनी. चाकाचा ड्रम उघडला. आत एक गोल लोखंडी ठोकळा. बॅटरीच्या वायरी टेकवल्या तर हातातला पाना खटकन जाऊन चिकटला! दोघंही बघतच राहिलो.
संध्याकाळी मस्कतला दिलीपला फोन. माझा धाकटा भाऊ, तिथं बोटींच्या गॅरेजात आहे. तो हसायलाच लागला. "ताई, ते ब्रेक आहेत! करंटवर चालतात. इथं बोटींच्या ट्रेलरला असतातच. जीपमध्ये कंट्रोलर बसवावा लागतो. पाय दाबला की तो मागं करंट सोडतो."
म्हणजे ब्रेक होते. सगळा वेळ होते. आणि आम्ही…

५ जाने. २००४
दिलीपच्या मित्राबरोबर कंट्रोलर आला. साबणाच्या डबीएवढा. वर एक गोल बटण, ब्रेकचा जोर कमीजास्त करायला. बाजूला छोटी दांडी, ती सरकवली की नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. ह्यांना दाखवला. हातात घेतला, परत दिला, पाणी सोडायला निघून गेले.
ठाण्याची बाकीची रोपं २६ जाने.च्या आत पोचवायचीत. बागेचं उद्घाटन आहे. तोवर ट्रेलर विकायचा नाही, एवढं कबूल करून घेतलं.

७ जाने.
रफिकभाईंनी दिवसभर डॅशबोर्डखाली मुंडी घातली. चार वायरी: बॅटरीची, अर्थची म्हणजे करंट परत जायची, ब्रेकच्या पायाची म्हणजे पेडलची, आणि ट्रेलरकडं जाणारी. ट्रेलरच्या तोडलेल्या वायरी जोडल्या. चक्कर मारायला निघाले. गेटमधून डावीकडं वळायला सिग्नल दिला तर ट्रेलर ढुशा मारायला लागला! झटका, सोड, झटका, सोड. पायाची म्हणून सिग्नलची वायर जोडलेली. रफिकभाई खाली उतरून पोट धरून हसले. मीही. खूप दिवसांनी.

८ जाने.
जमलं!! वायर बदलली. मी स्वतः जीप हळू पळवली, पायानं काही न करता नुसती दांडी सरकवली. मागून कुणी पदर धरावा तशी जीप थांबली. परत केलं. परत. रफिकभाई म्हणाले, "बस वहिनी, टायर जातील."
हे गोठ्यापाशी उभे राहून बघत होते.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ कमी, कटकट जास्त. ट्रेलर भरून पेठ रोडला नेला तर ब्रेक कधी लागतात, कधी नाही. घाटात असं झालं तर? रफिकभाईंनी सगळे जोड परत तपासले. डबीच खराब म्हणाले. मी पार खचले.
तेवढ्यात हे आले, न बोलावता. ट्रेलरच्या मागं जाऊन उकिडवे बसले. मला म्हणाले, "दाब पाय." दाबला. "ट्रेलर हलवा रे थोडा." रफिकभाईंनी हलवला.
"डबी नाय खराब. ट्रेलर हलला का मागचा दिवा डोळा मारतोय. अर्थ गोळ्यातून घेतलाय ना? तिथं ग्रीस आणि गंज."
रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. जिथं ट्रेलर जीपला अडकतो त्या लोखंडी गोळ्यातून अर्थ येत होता. वेगळी वायर ओढली. मग परत परत दाबून पाहिलं, ब्रेक एकदाही चुकला नाही.
रात्री ह्यांच्या ताटात जास्तीची पोळी वाढली.

२३ जाने.
सकाळी ट्रेलर भरला. मी किल्ली घ्यायला गेले तर खिळ्यावर किल्ली नाही. हे जीपमध्ये बसलेले.
घोटीला चहा. त्यांनी अर्धाच घेतला. इगतपुरी गेली. घाट सुरू झाला. मागच्या वेळचं वळण आलं. कठड्यावर आमच्या जीपचा हिरवा रंग अजून आहे. ह्यांनी पाय दाबला.
जीप दबली, ट्रेलर दबला. सरळ. नाकासमोर.
"ढकलत नाय गं," हे म्हणाले. जरा पुढं जाऊन परत, "ढकलत नाय! कासरा ताणल्यावानी मागं धरतोय."
मग खाली पोचेपर्यंत एकटेच बोलत होते, पोरासारखे. बटण किती ठेवायचं, दांडी कधी वापरायची, मलाच शिकवत होते. मी शिकून घेतलं. डोळे पुसले ते त्यांना दिसले नाहीत, किंवा दिसले असतील.
एकही रोप मोडलं नाही. सोसायटीच्या बाई पाम बघून म्हणाल्या, कालच उपटल्यासारखे ताजे. उपटतात होय! असो. आज सगळं माफ.

११ फेब्रु.
दिंडोरीचे एक द्राक्षवाले आले, ह्यांच्या ओळखीचे. ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊनच. "वहिनी, वणीच्या उतारावर लय ढकलते. तुमच्यासारखं आमच्या ट्रॉलीला बसंल का?"
मी खाली वाकून पाहिलं. साधा आस, चाकांत काहीच नाही. ठोकळे आणायचे कुठून, बसवायचे कशावर, ट्रॅक्टरचा करंट पुरेल का. रफिकभाईंना विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
ह्यांच्याकडं पाहिलं. ते आधीच ट्रॉलीखाली.
"ठेवून जा," मी म्हटलं.