दुसरावाला सायलेन्सर

गौतम,
मी शाळेत चालली. पोळ्या डब्यात आहेत.

तुझ्या टर्बो गाडीनं डोकं खाल्लं बापा! धूर मोकळा निघाला पाहिजे अन् आवाजही नको, म्हणून तू दोन सायलेन्सर आणले. मी रोज ओरडत होती, तर त्यातला एकदम चूपवाला लावला. आता भोग! बाबाले आपलं बोलणं ऐकू येत नाही, मशीन ते कानात घालत नाही. एक तुझी गाडीच ऐकू येत होती, ते उठून फाटक उघडत होते. काल तू स्वतः फाटक उघडून आला, जेवलासुद्धा. बाबा मागच्या खोलीत चप्पल घालून तुझी वाट पाहून राहिले होते.

आजच दुसरावाला बसव. धूर त्यातूनही मोकळाच निघते. गल्लीवाल्यांशी मी भांडीन.

दामिनीताई