सोळाव्या दिवसाचे उंदीर

सोम., ५ जाने.
निकिताचा पेपर जर्नलला पाठवण्याआधी शेवटचा वाचला. वाशीमची पोर, साडेचार वर्षं माझ्याकडे पीएच.डी. करतेय. काम चोख. जखम भरायच्या औषधाचे आकडे इतके देखणे की बघत बसावं. सहज फ्रीजरमधल्या जखमेच्या नमुन्यांच्या डब्या पाहिल्या. औषध दिलेल्या आठ उंदरांच्या डब्यांवर १६ नोव्हें., वहीत मात्र १५. औषध न दिलेला गट एक दिवस आधी सुरू केलेला, त्यांचं डब्यांवर आणि वहीत दोन्हीकडे १४, बरोबर आहे. उंदीर मारून जखम मोजायची होती दोन्ही गटांची, जखम केल्यापासून पंधराव्या दिवशी. म्हणजे औषधाला एक दिवस जादा? जखम काय, एका दिवसात आपोआपही भरते.

मंगळ., ६
नि.ला विचारलं. म्हणाली, "मॅडम, पंधराला एकादशी होती. आमच्या घरी सगळे माळकरी. बाकी दिवशी मारते मनावर दगड ठेवून. त्या दिवशी नाही झालं माझ्याकडून."
"मग वहीत सोळा का नाही लिहिलंस?"
"तुम्ही रागावल्या असत्या."
रागावलेच. विज्ञान की उपास, एक काय ते ठरव म्हणाले. ती रडली नाही, त्याचा आणखी राग आला.

बुध., ७
अरुणला सांगितलं. नवरोबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "एक दिवस मागितला असता तिने, तर दिला असतास?"
नसता दिला. पहिल्याच दिवशी तिला म्हटलं होतं, देव गेटवर वॉचमनपाशी ठेवून येत जा. सगळे हसले, तीसुद्धा. एकादशीने काम एक दिवस पुढे गेलं, एवढंच. ते लपवावं लागलं ते माझ्या तोंडामुळे. फार वाईट वाटतंय.

शुक्र., ९
पेपर थांबवला. प्रयोग पुन्हा, सोळा नवे उंदीर. नि.ची फेलोशिप मार्चअखेर संपते. आकडे उतरले तर प्रबंधाचं मुख्य प्रकरणच गेलं. ती एवढंच म्हणाली, "करते मॅडम."
"मीही चुकले गं," म्हटलं. चष्मा काढून पुसत बसले. तिने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. वेडी पोर.
मग मोबाईलवर पंचांग उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा! १९ला जखम केली तर त्यानंतरचा पंधरावा दिवस ३ फेब्रु. एकादशी नाही. "चतुर्थी वगैरे काही?" "नाही मॅडम, तेवढंच."
मोजणी शेजारच्या लॅबकडे, कुठला गट कुठला ते न सांगता. औषध चालावं असं आम्हा दोघींनाही फार वाटतंय. माझा तरी काय भरवसा.

मंगळ., ३ फेब्रु.
दहाला सुरू करायचं. नि. पिंजऱ्यांसमोर हात जोडून उभी. ओठ हलत होते. घड्याळ बघितलं, तोंडाशी आलेलं गिळलं. तीस वर्षं हे करतेय, उंदरांसमोर अशी कधी थांबले नाही. हात नाही जोडले. पण तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
मग तिने वही घेतली. "दोन मिनिटं उशीर झाला. लिहू?"
"लिही."
"कारण?"
"जे खरं ते."
तिने लिहिलं: १०.०२, प्रार्थना. मी खाली सही केली. आकडे गुरुवारी येतील.