पहिल्या सहांत बसवायचा नातू

हॅकबेरी फ्लॅट, टेक्सस
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

ती. नदीन वन्सं यांना,

व्हर्लीनचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि डॉक्टरांनी बंद केलेलं बेकन खरंच बंद केलंत की नुसतं डॉक्टरांना तसं सांगितलंत, ते कळवा. मी बरी आहे. तुमच्या भावाला, माझ्या ऑरिनना, जाऊन परवा चार वर्षं झाली. सकाळी हातून कॉफी अजून दोघांची होते. उरलेली मी दुपारी गार पिते. यापलीकडे तब्येतीचं सांगण्यासारखं काही नाही.

तुमच्या भाच्यानं, म्हणजे माझ्या डॅरेलनं, जूनमध्ये येऊन सांगितलं की त्याचा प्रेस्टन आता माझ्याकडे राहणार. मला इतका आनंद झाला, की मी लगेच पीच पायचं पीठ भिजवायला घेतलं. पीठ मळून होईपर्यंत खुलासा झाला : प्रेस्टन राहणार नव्हता, त्याचा पत्ता राहणार होता. प्रेस्टनच्या शहरातल्या शाळेत त्याच्या वर्षाला आठशे चाळीस मुलं, आणि त्यांत त्याचा नंबर एकशे एकतिसावा. आमच्या राज्याचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. आपापल्या शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांचं दार आपोआप उघडतं. पूर्वेकडची ती मोठ्या नावाची कॉलेजंसुद्धा म्हणे आधी हेच बघतात, की तुमच्या पुढे किती जण उभे आहेत. आमच्या शाळेत त्याच्या वर्षाला बासष्ट मुलं. दहा टक्के म्हणजे सहा. (वरचा पॉइंट दोनचा मुलगा अजून कुणाच्या पोटी आलेला नाही.) तेच गुण घेऊन प्रेस्टन आमच्याकडे आला, की थेट तिसरा! पोराच्या डोक्यात एका अक्षराची भर न पडता पन्नास मैलांत तो एकशे अठ्ठावीस पायऱ्या चढतो. गाढवाला टेकडीवर नेऊन उभं केलं, तरी शेजारचे त्याला उंट म्हणत नाहीत, कॉलेजवाले म्हणतात.

तिसऱ्या नंबरावर कुणी नवा आला की सहाव्या नंबरची मुलगी सातवी होते, हे सांगायला गणित लागत नाही. सहावी म्हणजे यादिरा केसादा. वाचनालयासमोर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान आहे. दर शनिवारी नव्या पुस्तकावरून माझं तिच्याशी भांडण होतं आणि ती वयानं लहान असून ऐकत नाही. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढचं सगळं त्याच वाचनालयाच्या फळ्यांवरून शिकले, तेव्हा फळीशी भांडणारं माणूस मला लगेच ओळखू येतं. प्रेस्टनची बातमी कळली त्या शनिवारी ती भांडलीच नाही. "सातव्या नंबरला कोण विचारतं, आजी?" एवढंच म्हणाली. "आमच्या घरात कॉलेजचा अर्ज कसा भरतात तेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. आपोआप उघडेल असं ते एकच दार होतं."

प्रेस्टनला दोष देऊ नका, तो गरीब गाय आहे. त्याला शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला फार आवडायचं. पण कठीण म्हणवणाऱ्या विषयांत अव्वल आलं की पाच गुण धरतात, आणि संगीतात अव्वल आलं तरी चारच. म्हणजे पोरगा कितीही उत्तम वाजवो, त्याची सरासरी घसरणारच! कोर्टनीनं (तुम्ही तिला 'ती कॅटलॉगमधली सून' म्हणता, तीच) ट्रॉम्बोन सोडायला लावला. शंभर नंबरी वाजवण्याबद्दल शिक्षा करणारी शाळा मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, आणि मी पुष्कळ वाईट पुस्तकं वाचली आहेत.

शाळा सुरू झाल्यावर ऑरिनच्या खोलीचं नाटकाचं स्टेज झालं. कोर्टनीनं नवी चादर, नवी उशी, भिंतीवर झेंडे, खुर्चीवर मुद्दाम चुरगळलेला शर्ट अशी सजावट केली. मागच्या दारातले ऑरिनचे बूट उचलून ती तिथे प्रेस्टनचे ठेवणार होती. "आई, चार वर्षं होत आली," ती म्हणाली. मी म्हटलं, "मोजलीत मी. बूट खाली ठेव." ठेवले तिनं.

मग सप्टेंबरात शाळेचे टॉलिव्हर दारात उभे. हे पूर्वी फुटबॉल शिकवायचे, आता खोटे पत्ते पकडतात, आणि शिट्टी अजून गळ्यातच असते. शाळेला कुणीतरी निनावी पत्र धाडलं होतं म्हणे. (नाव लपवून लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत काय आहे, ते तुम्ही जाणताच.) त्यांनी खोली पाहिली, उशी उचलली. उशीला दुकानाचं किमतीचं लेबल तसंच लटकत होतं.

"पोरगा फार हळुवार झोपतो वाटतं," टॉलिव्हर म्हणाले.

"इथे झोपलाच तर कळेल," मी म्हटलं.

"आणि दारातले बूट त्याचे का, व्हर्लीनबाई?"

"ते ऑरिनचे."

त्यांनी टोपी काढली. पुढचं काही विचारलं नाही, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही. प्रेस्टन त्याच आठवड्यात आपल्या आठशे चाळिसांत परत गेला. डॅरेलनं माझ्याशी अबोला धरला तो पुरे अकरा दिवस. बाराव्या दिवशी गवत कापायला आला, गवतावर राग काढून झाल्यावर आत आला आणि जेवून गेला.

तेव्हा इकडे सगळं ठीक आहे. पत्राला कारण असं काही नव्हतंच. सहज आठवण आली. गुडघ्याला जपा.

तुमची,
व्हर्लीन

ता. क. नवी यादी लागली. यादिरा सहावी आहे. काल पुस्तकावरून भांडली, आणि मी हरले.

ता. क. २. ते निनावी पत्र मीच लिहिलं. ऑगस्टात तुमच्याकडे आठवडाभर राहिले होते, तेव्हा तिथल्या, ओक्लाहोमातल्या पेटीत टाकलं. डॅरेलनं शाळेत भांडून ते पाकीट पाहिलं. त्यावर ओक्लाहोमाचा शिक्का आणि आत शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणून त्याची खात्री झाली आहे की हे मास्तरीण नदीनआत्याचंच काम. आईला इतकं चांगलं लिहिता यायचं नाही, म्हणाला. (हे ऐकलं तेव्हा कबूल करून टाकावंसं फार वाटलं.) तो तुम्हाला फोन करून वाटेल ते बोलणार आहे. वन्सं, एवढं करा : पत्र तुमचं नाही असं म्हणू नका. तुमचं त्याच्याशी तसंही कधी जमलेलं नाही, तुमचं नवं काही जाणार नाही. मला तो एकच उरला आहे.