मजलिशीत ठेवलेला कप

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी

प्रिय मम्मी,

येशू तुला आणि धाकट्या ॲडेलिनला बळ देवो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुला आता झोप लागते का?

पप्पांनी ज्यांच्या मजलिशीतल्या गाद्या शिवल्या, त्या म्हाताऱ्या शेखांनी काल मला सांत्वनासाठी बोलावलं होतं. बैठक माणसांनी भरली होती. कॉफी आली. पप्पांना जाऊन महिना झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेपर्यंत मी कॉफी सोडली आहे, म्हणून कप तसाच खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघू लागले. पाहुण्याने न पिता कप ठेवला तर त्याला यजमानाकडे काही मागायचं असतं, ही इथली रीत मला माहीतच नव्हती.

"बोलो बेटा, क्या चाहिए?" शेखांनी विचारलं.

मी काही मागणार नव्हतो. पण पप्पांचे कारागीर पगाराविना बसलेत, ते आठवलं. म्हणालो, पप्पांना काम देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने त्यांचे चाळीस हजार दिरहम, म्हणजे नऊ लाखांच्या वर, अडकवलेत.

शेखांनी तिथूनच त्याला फोन लावला. "फ्रेडीची शिलाई दहा वर्षांत उसवली नाही," ते म्हणाले, "आणि त्याचा मुलगा माझ्या घरी कॉफी पीत नाही. यल्ला, आजच पैसे दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खलास. आता पी."

मी प्यायलो, मम्मी, पप्पांच्याच गादीवर बसून. संध्याकाळी पैसे आले, लगेच कारागिरांचे पगार दिले.

सोडलेली कॉफी प्यायलो, हे फादरना तूच सांग. का प्यायलो, तेही सांग.

तुझा,
ग्लेन